खुणा आधी, सुरी नंतर

ओघळलेले स्तन वर घेण्याच्या शस्त्रक्रियेतलं सगळ्यांत अवघड काम भूल देण्याआधी उरकलेलं असतं, आणि ते बाईला उभं करून करावं लागतं. आडवं झालं की स्तन दोन्ही बाजूंना पसरतात आणि त्यांचा खरा ओघळ दिसत नाही. म्हणून बाई ताठ उभी, हात सैल सोडलेले. समोर डॉक्टर, त्यांच्या हातात मोजपट्टी आणि सहज न पुसणारं पेन. गळ्याखालच्या खोबणीपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर मोजायचं, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. मग एक हात स्तनाखाली घालून छातीखालची घडी चाचपायची आणि त्याच उंचीवर पुढच्या बाजूला ठिपका द्यायचा. स्तनाग्राची नवी जागा त्या ठिपक्याच्या आसपास.

वहिनींसोबत मी कोल्हापूरला एका प्लास्टिक सर्जन बाईंकडे गेले होते. रत्नागिरीहून कोल्हापूर म्हणजे साखरपा, आंबा घाट, मलकापूर करत सुमारे एकशे तीस किलोमीटर. घरात सांगितलं होतं, "गाठ दाखवायचीय." पडद्याआड जाताना वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही पण आत चला." डॉक्टरांनी समजावण्यापुरत्या खुणा त्यांच्या अंगावर काढून दाखवल्या, म्हणून मला एवढं जवळून पाहता आलं.

वहिनींच्या डाव्या आणि उजव्या बाजूत सव्वा सेंटिमीटरचा फरक निघाला. त्या चपापल्या. डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही सारखे असलेली बाई मला अजून भेटायचीय. ऑपरेशननंतरही थोडा फरक राहणारच, तो आधीच धरून चाला."

ओघळ किती, हे स्तनाग्र त्या घडीच्या कुठे आहे यावरून ठरतं. १९७६ मध्ये रेनो नावाच्या सर्जनने केलेली ही वर्गवारी आजही चालते. स्तनाग्र घडीच्या पातळीला आलं की पहिली पायरी. घडीच्या खाली गेलं, पण स्तनाच्या तळाच्या वर आहे, तर दुसरी. अगदी तळाशी येऊन जमिनीकडे बघू लागलं की तिसरी. पायरीवरून छेद ठरतो आणि छेदावरून व्रण. थोडका ओघळ असेल तर स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने गोल छेद पुरतो. जास्त असेल तर त्या गोलापासून खाली उभी रेघ. त्याहून जास्त असेल तर उभ्या रेघेच्या टोकाला घडीतून आडवी रेघ, म्हणजे उलटा 'टी'. या शेवटच्या प्रकारासाठी रॉबर्ट वाइज या अमेरिकी सर्जनने १९५६ मध्ये जो नमुना मांडला, तो ब्रेसियरच्या कपांच्या कापणीवरून बेतलेला होता. कटोरी ब्लाउज बेतणाऱ्या कुठल्याही बाईला तो कागदावर बघताच कळेल: सपाट कापडातून पाचर काढली आणि कडा जोडल्या की गोलाई येते.

फरक इतकाच की इथली शिवण आयुष्यभर दिसते.

हे डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं, आणि मला वाटतं तीस वेळा सांगितलं तरी चालेल. या शस्त्रक्रियेत बाई आकार घेते आणि बदल्यात व्रण देते. व्रणाशिवाय स्तन वर नेणारं कुठलंही तेल, मलम, मालिश किंवा यंत्र नाही. व्यायामाने छातीचे स्नायू भरतील, पण स्तनात स्नायूच नसतो. तो चरबी, दूधग्रंथी आणि तंतूंचा असतो. इंग्रज सर्जन अ‍ॅस्टली कूपरने १८४० मध्ये ज्यांचं वर्णन केलं ते हे तंतू एकदा ताणले की पुन्हा आखडत नाहीत. व्रण सुरुवातीला लालसर, मग आपल्यासारख्या सावळ्या कातडीत बऱ्याचदा काळपट, आणि वर्ष-दीड वर्षाने फिकट. काहींचा व्रण जाड, उंचावलेला राहतो. डॉक्टरांनी वहिनींना सिझेरियनची खूण दाखवायला सांगितली आणि कान टोचल्यावर गाठ आली होती का, लसीची खूण वाढली का, हे विचारलं. कातडी पुढे कशी वागेल याचा अंदाज ती मागे कशी वागली यावरून बांधायचा. जाहिरातींतले 'आधी-नंतर'चे फोटो बघताना मी आता आधी व्रण शोधते. फोटोत व्रण झाकलेला असेल तर तो फोटो काही सांगत नाही. आणि फोटो वर्षभरानंतरचा हवा. ताज्या शस्त्रक्रियेत वरचा भाग जरा जास्तच फुगीर आणि खालचा चपटा दिसतो, तो काही महिन्यांत खाली बसतो.

मग प्रश्नावली आली. धूम्रपान करता का? वहिनींनी 'नाही' लिहिलं, जे खरंच होतं. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "मशेरी?"

वहिनी माझ्याकडे बघू लागल्या. "सकाळी लावते. दुपारी जेवल्यावर. रात्री निजताना."

"म्हणजे तीनदा."

"पण ती काय ओढत नाय मी."

कोकणातल्या बाईला नुसतं धूम्रपानाबद्दल विचारणं म्हणजे काहीच न विचारणं. तव्यावर करपवलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांना घासली की निकोटिन थेट रक्तात उतरतं. आणि या शस्त्रक्रियेत निकोटिनइतका वैरी दुसरा नाही. स्तनाग्र सुटं काढून वर चिकटवत नाहीत. ते आतल्या मांसाच्या एका देठावर राखलेलं असतं, आणि त्या देठातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर त्याचा जीव टिकतो. निकोटिनने त्या वाहिन्या आकसतात. मग कडा जुळत नाहीत, उलट्या 'टी'च्या सांध्यावर जखम उघडते आणि वाईटात वाईट म्हणजे स्तनाग्राची कातडी काळी पडून मरते. म्हणून निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, निकोटिनचं च्युइंगगमसुद्धा नाही. लघवीच्या चाचणीत निकोटिनचा अंश कळतो, आणि तो विडीचा की मशेरीचा याच्याशी त्या चाचणीला देणंघेणं नसतं. "खोटं बोलून माझं काही जात नाही," डॉक्टर म्हणाल्या, "जाईल ते तुमचं."

वहिनींच्या मनात आणखी एक गोष्ट घर करून होती. दोन्ही मुलांना दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं, म्हणून हे झालं, असं त्यांना सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या रिंकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमकं हेच तपासलं. वय, वजन, गरोदरपणांची संख्या, आधीचा मोठा आकार आणि सिगारेट यांचा ओघळाशी संबंध निघाला. स्तनपानाचा स्वतंत्र संबंध निघाला नाही. पाजलेल्या दुधाचा दोष नाही हे कळल्यावर वहिनींचा चेहरा जो उजळला, त्यासाठीच घाट ओलांडून आलो असं म्हटलं तरी चालेल.

पुढे मूल हवं असेल तर मात्र थांबावं. गरोदरपणात स्तन पुन्हा ताणले जातात आणि केलेलं पाण्यात जातं. शस्त्रक्रियेनंतर पाजता येईलच अशी खात्रीही कुणी देऊ शकत नाही. पाजणं बंद झाल्यावर साधारण सहा महिने जाऊ द्यावेत, वजनही तेवढा काळ स्थिर हवं. स्तनाग्राची संवेदना काही काळ, क्वचित कायमची, कमी होते. आणि नुसतं वर घेतल्याने वरचा भाग भरत नाही. तो भरलेला हवा असेल तर इम्प्लांट लागतं. तो वेगळा निर्णय, वेगळा धोका, आणि जन्मभर टिकण्याची हमी नाही. उलट स्तनांच्या ओझ्याने मान-खांदे भरून येत असतील, पट्ट्यांचे वळ पडत असतील, तर प्रश्न आकार कमी करण्याचा असतो.

वहिनी चाळिशीच्या पुढच्या. म्हणून आधी मॅमोग्राफी. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, हे खोदून विचारलं गेलं. शस्त्रक्रियेनंतर आत कठीण गाठी किंवा चुन्याचे कण राहू शकतात. पुढच्या प्रत्येक मॅमोग्राफीला ही शस्त्रक्रिया झाल्याचं सांगायचं आणि जुनी फिल्म न्यायची, नाहीतर उगाच धावपळ होते. गाठ दाखवायला चाललो असं घरी सांगून निघालेल्या बाईसाठी हा योगायोग जरा बोचरा होता.

सर्जन कोण, हे बघण्याला फार वेळ लागत नाही: सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीनंतर प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षतेची सोय आहे का. भिंतीवरच्या 'कॉस्मेटॉलॉजी'च्या प्रमाणपत्राला ऑपरेशन थिएटरात किंमत नाही. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही, बिलावर जीएसटीही लागतो. अंदाजपत्रकात भूल, तपासण्या, काढलेल्या मांसाची पॅथॉलॉजी, आधाराची ब्रा आणि पुन्हा टाके घालायची वेळ आली तर तो खर्च धरला आहे का, हे लिहून मागावं.

पण खरी घासाघीस झाली ती तारखेवर. सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. "हंडा?" नाही. "आंब्याची पेटी?" अजिबात नाही. एप्रिल-मे असा गेला. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली तर ड्रेसिंगला यायचं कसं, आणि कोकणातल्या दमट हवेत घडीतला व्रण कोरडा ठेवायचा कसा. वहिनींना तिथे दर पावसाळ्यात बुरशी येतेच. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं. उरले डिसेंबर-जानेवारी. पहिले काही दिवस कोल्हापुरातच राहायचं, कारण एकीकडची बाजू अचानक ताठरून फुगली आणि ठणकू लागली तर आत रक्त साठत असतं आणि ते तासाभरात उघडावं लागू शकतं. स्तनाग्र निळं-काळं पडणं, ताप, पोटरी सुजणं, दम लागणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

"घरी कोण आहे उचलायला-ठेवायला?" डॉक्टरांनी विचारलं. नवरा मुंबईला, घरी सासूबाई. "मग त्यांना खरं सांगा. गाठीचं सांगाल तर आठव्या दिवशी त्या तुम्हाला विहिरीवर पाठवतील."

परतीच्या वाटेवर मलकापूरला चहा घेताना वहिनी हिशेब करत होत्या. सूज पुरती उतरेपर्यंत नवे ब्लाउज शिवायचे नाहीत, म्हणजे डिसेंबरात केलं तर मेमधल्या पुतणीच्या लग्नाचे ब्लाउज अगदी शेवटी टाकावे लागणार. मशेरी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोडावी लागणार. सासूबाईंना मात्र आजच रात्री सांगते, म्हणाल्या, आणि सोबत मीही असावं असा आग्रह धरला.