दोष टर्बोचा की झडपेचा?

१२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन आणि चार मीटरपर्यंतची लांबी असलेल्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ रोजी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून चर्चा बहुतेक किमतींभोवतीच फिरत राहिली. या मर्यादेत राहून मोठ्या इंजिनाची ताकद मिळवायची, तर लहान इंजिनात टर्बोचार्जरने जास्तीची हवा कोंबणे हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे, आणि रांजणगावात तयार होणारी नेक्सॉन, नाशिकची एक्सयूव्ही ३एक्सओ व चाकणची कायलॅक यांची टर्बो पेट्रोल इंजिने याच चौकटीत बसतात. अशी गाडी घेणाऱ्याला मायलेजचे आणि पिकअपचे आकडे पाठ असतात. परंतु काही वर्षांनी तोच पिकअप मंदावला, तर दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्याची रीत त्याला सहसा कोणी सांगत नाही, आणि एका लहानशा रबरी पडद्याच्या दोषापायी अख्खा टर्बो बदलण्याचा खर्च उभा राहतो तो या अज्ञानातूनच.

एक्झॉस्टच्या झोतावर फिरणारे चाक आणि त्याच दांड्यावर बसवलेले, हवा दाबणारे दुसरे चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, ही टर्बोची मूळ रचना असून जोरात चाललेल्या गाडीत हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेवरचे दार, म्हणजे थ्रॉटल, मिटते. पण कॉम्प्रेसर वेगात असल्यामुळे हवा लोटतच राहतो, आणि पुढे वाट नसलेली ती हवा त्याच्याच पात्यांवर उलटते. या उलट्या धक्क्यांना ‘सर्ज’ म्हणतात. ते फडफडल्यासारखे ऐकू येतात, दांड्याच्या बेअरिंगवर ताण आणतात आणि टर्बोची गतीही खातात. हे टाळण्यासाठी त्या क्षणी बाजूची एक वाट उघडून दाबलेली हवा पुन्हा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आणून सोडणारी झडप म्हणजे डायव्हर्टर व्हॉल्व्ह होय.

या झडपेची कामे दोनच आहेत: पाय उचलल्यावर चटकन उघडणे आणि पाय दाबल्यावर घट्ट मिटून राहणे. गळकी झडप दुसऱ्या कामात कमी पडते, त्यामुळे एकदा दाबून तापलेली हवा मागे येऊन पुन्हा दाबली जाते आणि इंजिनापर्यंत पोहोचणारा दाब घटतो. गळती थोडी असेल, तर इंजिनाचा संगणक वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टचा जादा झोत टर्बोला वळसा घालून सोडणारे दार, अधिक मिटून धरतो आणि टर्बोला जास्त फिरवून तूट भरून काढतो. चालकाला गाडी पूर्वीसारखीच वाटते, मात्र टर्बो रोज जास्त वेगाने आणि जास्त उष्णतेत राबत असतो. म्हणूनच लहान गळतीकडे दुर्लक्ष करणे हे टर्बोचे आयुष्य उसने घेण्यासारखे आहे.

फोक्सवॅगन समूहाच्या दोन इंजिनांचा इतिहास या बाबतीत बोधक आहे. भारतात ऑक्टाव्हिया आरएसमधून आलेल्या १.८ लिटर टर्बो इंजिनावरची झडप प्लॅस्टिकच्या कवचात रबरी पडदा बसवून केलेली असे, आणि थ्रॉटलनंतरच्या नळीतला निर्वात, म्हणजे हवेची ओढ, एका बारीक रबरी नळीतून तिला उघडत असे. बॉशने बनवलेली ‘७१०एन’ ही तिची आवृत्ती मेकॅनिकांमध्ये नावाजली गेली. त्यानंतर २००४ च्या सुमारास आलेल्या २.० लिटर टीएफएसआय इंजिनात झडप थेट टर्बोच्या घरावर बसवली गेली आणि तिची उघडझाप विजेवर सोपवली गेली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतला पडदा फाटण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की कारखान्याने पडद्याऐवजी पिस्टन असलेली, शेवटी ‘डी’ अक्षर असलेली सुधारित आवृत्ती काढली. टर्बोची धग, इंजिनातून श्वसननळीवाटे येणारी तेलाची वाफ आणि असंख्य वेळा होणारी उघडझाप यांपुढे रबर हरते हा त्या सुधारणेमागचा धडा असून, झडप विकत घेताना तिची अलीकडची आवृत्ती मागणे किती महत्त्वाचे आहे हेही त्यातून दिसते.

निदानाची सुरुवात लक्षणांपासून होते. पाय पूर्ण दाबूनही गाडी दम धरत नाही, जोर लावताना बॉनेटखालून ‘सूं’ असा हवेचा आवाज येतो, आणि निर्वातावर चालणाऱ्या झडपेचा पडदा फाटला असेल, तर हवा थ्रॉटलला वळसा घालून आत शिरल्यामुळे उभ्या गाडीचे इंजिनही वरखाली होते. स्कॅनर लावल्यावर बहुधा पी०२९९ हा कोड मिळतो. मात्र ‘मागितला तेवढा दाब मिळाला नाही’ एवढेच तो सांगतो, दाब कुठे हरवला हे सांगत नाही. फाटलेला होजपाईप, सैल क्लिप, भेगाळलेला इंटरकूलर, अडकलेले वेस्टगेट आणि गळकी झडप या सर्वांचा कोड एकच असू शकतो, तेव्हा कोड वाचून थेट सुटा भाग मागवणारे गॅरेज निदान करत नाही, अंदाज करते.

खरे निदान दाबाच्या चाचणीने होते. इंजिन बंद आणि थंड असताना हवेचे माप घेणाऱ्या सेन्सरनंतरची नळी सोडवून तिच्या तोंडाला बूच लावायचे, त्यातून रेग्युलेटरने आवरलेली हवा अर्ध्या बारपासून हळूहळू भरायची, गाडीच्या नेहमीच्या बूस्टपलीकडे कधीही जायचे नाही, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे. झडपेची गळती मात्र आतल्या आत होत असल्यामुळे बुडबुड्यांत दिसत नाही, म्हणून तिची स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते. निर्वातावरची झडप काढून तिचा दट्ट्या आत दाबायचा, वरच्या बारीक तोटीवर अंगठा घट्ट ठेवायचा आणि दट्ट्या सोडायचा: तो आतच राहिला तर पडदा शाबूत आहे, हळूहळू परत आला तर पडदा फाटला आहे. हातपंपाने निर्वात देऊन त्याचा काटा स्थिर राहतो की उतरतो हे पाहणे ही याच परीक्षेची अधिक नेमकी रीत आहे. विजेच्या झडपेत स्कॅनरवरून आज्ञा दिल्यावर ‘टक्’ असा आवाज यायला हवा. पण आवाज आला म्हणून पडदा धड आहे असे ठरत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो.

याच झडपेच्या जागी हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवून पाय उचलताच ‘फुस्स’ असा आवाज काढण्याची हौस तरुण मालकांत आहे, आणि तिची किंमत स्पष्टपणे सांगायला हवी. ज्या गाडीत हवेचे माप आत शिरतानाच घेतले जाते, त्या गाडीचा संगणक मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो; मोजलेली हवाच बाहेर फेकली, तर इंजिनाच्या वाट्याला पेट्रोल जास्त आणि हवा कमी येते, धूर वाढतो व कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर न जळलेल्या इंधनाचा भार पडतो. कारखान्याने हवा परत फिरवण्याची व्यवस्था केली आहे ती हिशेब जुळावा म्हणून, आणि निव्वळ आवाजासाठी ती मोडणे हा गाडीवर केलेला अन्याय आहे.

झडप बदलण्याचे काम तुलनेने साधे आहे. जुन्या रचनेत दोन क्लिपा आणि एक बारीक नळी, तर टीएफएसआयमध्ये तीन स्क्रू आणि विजेचे एक कनेक्टर सोडवले की झडप हातात येते. मात्र दुसऱ्या प्रकारात गाडी वर उचलून खालून काम करावे लागते, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय त्या कोपऱ्यात हात घालू नये. बसण्याची जागा पुसून स्वच्छ करावी, सील नवी घालावी, ॲल्युमिनियमच्या घरात आटे बसत असल्यामुळे स्क्रू बळाने आवळू नयेत आणि कडक झालेली बारीक नळीही त्याच वेळी बदलावी. बाजारातल्या भारी धातूच्या झडपांचा मोह आवरावा, कारण त्यांतली स्प्रिंग गाडीच्या बूस्टपेक्षा फार ताठ असली तर झडप उशिरा उघडते आणि जो सर्ज टाळायचा तोच पदरी पडतो. शेवटी कोड पुसून रस्त्यावर चाचणी घ्यावी आणि मागितलेला दाब व मिळालेला दाब हे दोन आकडे स्कॅनरवर जुळलेले पाहावेत. ते जुळल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

वेस्टगेट विजेवर चालणाऱ्या काही नव्या लहान इंजिनांत ही वेगळी झडप मुळातच नसते, त्यामुळे गाडीत नसलेल्या भागाचे बिल कोणी पुढे केले तर ते ओळखता येण्यासाठी मालकाने आपल्या इंजिनाची रचना आधी माहीत करून घेतली पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या हाती स्कॅनरइतकाच सराईतपणे निर्वाताचा हातपंपही आला, तर टर्बो गाड्यांच्या या नव्या पिढीची निगा नीट राखली जाईल. तोवर टर्बो बदलायला सांगणाऱ्या प्रत्येक गॅरेजला मालकाने दोनच गोष्टी मागाव्यात: दाबाच्या चाचणीचा निकाल आणि काढलेला जुना भाग.