ढाबळीतली पाखरं सांभाळताना

आपल्या वस्त्यांवर कबुतरांची ढाबळ बहुधा पोरंच सांभाळतात. पोरांचा नाद म्हणून तिकडं दुर्लक्ष नको, एवढंच आमचं सांगणं. मुकं जनावर दावणीचं असो की ढाबळीतलं, जबाबदारी घरधन्याचीच.

कबुतर लंगडायला लागलं की आधी बोटं पाहावीत. दोरा, केस किंवा मांजा बोटांना गुंडाळला की काच पडतो, रक्त थांबतं आणि बोट काळं पडून गळतं. पाय कोमट पाण्यात भिजवून धागा बारीक कात्रीनं हळूच कापावा, ओढू नये. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली बंदी घातली आहे. तो घरात आणूच नये. पाय लोंबत असेल तर पाखरू फडक्यात गुंडाळून, खोक्यात ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. माणसाच्या गोळ्या देऊ नयेत.

नवं कबुतर तीन-चार आठवडे ढाबळीतच ठेवावं, जाळीतून शिवार पाहू द्यावं. मग दाण्याच्या वेळेआधी, भुकेलं असताना सोडावं. डब्याच्या आवाजावर ते खाली उतरतं. दुसऱ्या घरचं मोठं कबुतर बहुधा जुन्या घरी पळतं, त्याची पिल्लं मात्र आपल्याकडंच रमतात. शिक्रा घिरट्या घालत असेल त्या दिवशी सोडू नये.

ज्वारी, बाजरी, मका घालावा. औषध लावलेलं बियाणं कदापि नको. ढाबळ झाडताना नाकाला फडकं बांधावं, विष्ठेच्या धुळीनं फुप्फुसाचा आजार होतो.

पाखराचा पाय जपणारं पोरगं उद्या बैलाचा खूरही जपेल.