लूइस, क्लाइव्ह स्टेपल्स
(२९ नोव्हेंबर १८९८ – २२ नोव्हेंबर १९६३). विख्यात इंग्रजी कथाकार, साहित्यसमीक्षक व ख्रिस्ती धर्मविचाराचा भाष्यकार. ‘सी. एस. लूइस’ ह्या नावाने सर्वपरिचित. बालवाचकांसाठी लिहिलेल्या नार्निया ह्या सात अद्‌भुतकथांमुळे त्याचे नाव जगभर झाले.

जन्म आयर्लंडमधील बेलफास्ट येथे. वडील ॲल्बर्ट लूइस हे सॉलिसिटर होते. आई फ्लॉरेन्स ही धर्मोपदेशकाची कन्या असून गणित विषय घेऊन तिने पदवी मिळविली होती. पुस्तकांनी भरलेल्या घरात लूइस आणि त्याचा थोरला भाऊ वॉरन ह्यांनी ‘बॉक्सन’ ह्या काल्पनिक राज्याच्या कथा रचल्या. त्यांतील प्राणी माणसांसारखे बोलत आणि राज्यकारभारही करीत. १९०८ मध्ये आईचे कर्करोगाने निधन झाले. ती बरी व्हावी म्हणून नऊ वर्षांच्या लूइसने केलेली प्रार्थना निष्फळ ठरली. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याला इंग्लंडमधील निवासी शाळेत पाठविण्यात आले. घर आणि आई एकाच वर्षी दुरावल्याचा हा आघात पुढे त्याच्या लेखनात निरनिराळ्या रूपांनी प्रकट झाला.

पौगंडावस्थेत त्याची धर्मश्रद्धा लोपली. १९१४ ते १९१७ ह्या काळात सरे परगण्यात विल्यम कर्कपॅट्रिक ह्या निरीश्वरवादी शिक्षकाजवळ राहून त्याने अभिजात भाषांचे व काटेकोर तर्काचे शिक्षण घेतले. ह्याच काळात, १९१६ मध्ये, एका रेल्वेस्थानकावर घेतलेली जॉर्ज मॅक्डॉनल्ड ह्या स्कॉटिश लेखकाची फँटास्टिस ही अद्‌भुतकादंबरी त्याच्या वाचनात आली आणि तिचा त्याच्या मनावर खोल परिणाम झाला. बुद्धीला जे खरे वाटे, ते त्याला रुक्ष व निरर्थक वाटत होते. उलट ज्या नॉर्स आणि ग्रीक पुराणकथांवर त्याचे प्रेम होते, त्या बुद्धीच्या कसोटीवर काल्पनिक ठरत होत्या. ही फूट सांधण्याचा प्रयत्न हे लूइसच्या जीवनाचे आणि साहित्याचे मुख्य सूत्र होय.

१९१७ मध्ये तो ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाला. तथापि पहिल्या महायुद्धामुळे त्याला लवकरच सैन्यात जावे लागले. आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी तो फ्रान्समधील आघाडीवर पोहोचला आणि एप्रिल १९१८ मध्ये जखमी झाला. युद्धात मरण पावलेल्या पॅडी मूर ह्या मित्राच्या आईचा सांभाळ त्याने तिच्या मृत्यूपर्यंत (१९५१) केला. युद्धानंतर ऑक्सफर्डला परतून अभिजात भाषा, तत्त्वज्ञान व प्राचीन इतिहास आणि इंग्रजी साहित्य ह्या विषयांच्या परीक्षांत त्याने प्रथम वर्ग मिळविला. १९२५ पासून १९५४ पर्यंत तो ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा अधिछात्र व इंग्रजीचा अध्यापक होता. त्यानंतर केंब्रिज विद्यापीठात मध्ययुगीन व प्रबोधनकालीन इंग्रजी साहित्याच्या नव्या अध्यासनावर त्याची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

ऑक्सफर्डमध्ये जे. आर. आर. टोल्कीन ह्या भाषाशास्त्रज्ञाशी त्याचा स्नेह जुळला. लूइस आधी ईश्वरवादाकडे वळला होता. परंतु ख्रिस्ताच्या बलिदानाच्या कथेचा अर्थ त्याला उमगत नव्हता. सप्टेंबर १९३१ मध्ये टोल्कीन आणि ह्यूगो डायसन ह्या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत त्याची चर्चा झाली. मरून पुन्हा जिवंत होणाऱ्या देवाच्या प्राचीन कथा तुला हेलावून टाकतात; ख्रिस्ताची कथाही तशीच आहे, मात्र ती इतिहासात प्रत्यक्ष घडली, असे त्यांचे म्हणणे होते. पुराणकथा म्हणजे असत्य नव्हे, तर सत्याची अंधुक झलक होय, हा विचार लूइसला पटला आणि थोड्याच दिवसांत त्याने ख्रिस्ती श्रद्धेचा पुन्हा स्वीकार केला. ‘इंक्लिंग्ज’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मित्रमंडळात टोल्कीन, चार्ल्स विल्यम्स, वॉरन लूइस प्रभृती लेखक एकत्र जमून आपापले अप्रकाशित लेखन वाचून दाखवीत. टोल्कीनची द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ही कादंबरी पूर्ण होण्यामागे लूइसच्या सततच्या प्रोत्साहनाचा मोठा वाटा होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लूइस धर्मविचाराचा लोकप्रिय प्रवक्ता बनला. द प्रॉब्लेम ऑफ पेन (१९४०) ह्या ग्रंथात ईश्वर दयाळू असताना जगात दुःख का, ह्या प्रश्नाचा त्याने तर्कशुद्ध ऊहापोह केला. बी. बी. सी.वरून १९४१ ते १९४४ ह्या काळात दिलेली त्याची भाषणे पुढे मीअर क्रिश्चॅनिटी (१९५२) ह्या ग्रंथात एकत्रित झाली. पंथभेद बाजूला ठेवून सर्व ख्रिस्ती लोकांना मान्य असलेली तत्त्वे सोप्या दृष्टांतांनी सांगणे, हे ह्या ग्रंथाचे वैशिष्ट्य. द स्क्रूटेप लेटर्स (१९४२) ही मुरलेल्या सैतानाने आपल्या नवशिक्या पुतण्याला लिहिलेली उपरोधिक पत्रे होत. माणूस मोठ्या पातकांपेक्षा लहानसहान सवयींनी अधिक घसरतो, हे त्यांत मिस्कीलपणे दाखविले आहे. द ॲबॉलिशन ऑफ मॅन (१९४३) ह्या छोट्या ग्रंथात नीतिमूल्ये ही केवळ व्यक्तिगत भावना नव्हेत, असे प्रतिपादन असून त्यासाठी त्याने वैदिक ‘ऋत’ ह्या कल्पनेचाही आधार घेतला आहे.

आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट (१९३८), पेरेलँड्रा (१९४३) आणि दॅट हिडिअस स्ट्रेंग्थ (१९४५) ह्या तीन कादंबऱ्यांत त्याने अंतराळप्रवासाच्या कथेला धार्मिक आशय दिला. नार्नियाच्या कथांचे बीज मात्र त्याहून जुने होते. बर्फाळ रानातून छत्री व पुडकी घेऊन जाणारा, कमरेखाली बोकडासारखा असलेला एक वनदेव, हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्याच्या मनात होते. १९३९ मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीने लंडनमधून हलविलेली काही मुले त्याच्या घरी राहण्यास आली, तेव्हा कथेला चालना मिळाली. द लायन, द विच अँड द वॉर्डरोब (१९५०) पासून द लास्ट बॅटल (१९५६) पर्यंत सात पुस्तके ओळीने सात वर्षांत निघाली. त्यांची चित्रे पॉलीन बेन्स हिने काढली. अखेरच्या पुस्तकास कार्नेगी पदक मिळाले.

पहिल्या कथेत चार भावंडे एका जुन्या कपाटातून नार्निया ह्या देशात जातात. तेथे चेटकिणीच्या जादूने कायमचा हिवाळा पसरलेला असतो. अस्लान हा सिंह अपराधी मुलाऐवजी स्वतःचे प्राण देतो आणि पुन्हा जिवंत होतो. ह्या कथा रूपककथा नव्हेत, असे लूइसचे मत होते. नार्नियासारखे जग खरोखरच असते, तर ख्रिस्त तेथे कोणत्या रूपात अवतरला असता, अशी कल्पना त्याने केली होती. धार्मिक संदर्भ ठाऊक नसलेल्या मुलांनाही ह्या कथा रमवितात, ह्याचे एक कारण हेच होय. द मॅजिशिअन्स नेफ्यू (१९५५) ह्या कथेचे स्थान ह्या मालिकेत वेगळे आहे. तिच्यातील डिगरी ह्या मुलाची आई मरणपंथाला लागलेली असते. तिला वाचविणारे फळ चोरण्याचा मोह तो टाळतो. पुढे अस्लान स्वतःच ते फळ त्याला देतो आणि आई बरी होते. बेलफास्टच्या घरात जे घडले नाही, ते लूइसने येथे घडविले. मात्र डिगरीचे दुःख पाहून अस्लानच्याही डोळ्यांत पाणी येते, हा तपशील त्याने विसरू दिला नाही.

नार्नियावर टीकाही झाली. वेगवेगळ्या पुराणकथांतील पात्रांची सरमिसळ टोल्कीनला रुचली नाही. पुढील काळात फिलिप पुलमन ह्या लेखकाने तिच्यातील धार्मिक व सामाजिक दृष्टीवर प्रखर आक्षेप घेतले. कॅलोर्मेन ह्या वाळवंटी देशातील लोकांच्या चित्रणात पौर्वात्यांविषयीचे साचेबंद पूर्वग्रह दिसतात, हा आक्षेप निराधार नाही. तथापि अखेरच्या कथेत दुसऱ्या देवाची निष्ठेने उपासना करणाऱ्या एका कॅलोर्मेनी सैनिकाला अस्लान आपला मानतो, हेही लक्षात घ्यावयास हवे.

समीक्षक म्हणून लूइसची योग्यता मोठी होती. द ॲलेगरी ऑफ लव्ह (१९३६) हा मध्ययुगीन प्रेमकाव्यावरील आणि सोळाव्या शतकातील इंग्रजी साहित्याचा इतिहास (१९५४) हे त्याचे मान्यवर ग्रंथ होत. सरप्राइझ्ड बाय जॉय (१९५५) हे आत्मचरित्र त्याने आपले माजी विद्यार्थी बीड ग्रिफिथ्स ह्यांना अर्पण केले. हे ग्रिफिथ्स त्याच वर्षी भारतात आले आणि पुढे तमिळनाडूतील शांतिवनम् आश्रमाचे प्रमुख झाले. आत्मचरित्राच्या शीर्षकातील ‘जॉय’ म्हणजे कोणत्याही ऐहिक वस्तूने न शमणारी ओढ. टिल वी हॅव फेसेस (१९५६) ह्या कादंबरीत क्यूपिड व सायकी ह्यांच्या प्राचीन कथेच्या आधारे देवांविरुद्ध माणसाची फिर्याद मांडली असून अनेक अभ्यासक तिला त्याची श्रेष्ठ कृती मानतात.

जॉय डेव्हिडमन ह्या अमेरिकन कवयित्रीशी लूइसने १९५६ मध्ये नोंदणी पद्धतीने विवाह केला. ती कर्करोगाने आजारी असताना, १९५७ मध्ये, रुग्णालयात धार्मिक विधी झाला. काही काळ तिची प्रकृती सुधारली. परंतु १९६० मध्ये तिचे निधन झाले. बालपणीचेच दुःख पुन्हा समोर उभे राहिले. अ ग्रीफ ऑब्झर्व्हड (१९६१) हे टिपण त्याने टोपणनावाने प्रसिद्ध केले. वीस वर्षांपूर्वी दुःखाच्या प्रश्नाला तर्काने उत्तर देणारा हा लेखक येथे ईश्वराला जाब विचारतो आणि स्वतःच्या श्रद्धेचा कस पाहतो. शेवटी श्रद्धा टिकते; पण ती आता युक्तिवादाच्या विजयावर उभी नसते.

ऑक्सफर्ड येथील राहत्या घरी लूइसचे निधन झाले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी ह्यांची हत्या झाल्याने ह्या वार्तेकडे फारसे लक्ष गेले नाही. २०१३ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील कविकक्षात त्याचे स्मारक बसविण्यात आले. नार्नियाच्या कथांचे चाळीसहून अधिक भाषांत अनुवाद झाले असून त्यांवर २००५, २००८ आणि २०१० मध्ये चित्रपटही निघाले. लूइसचे धार्मिक निष्कर्ष सर्वांना मान्य होणार नाहीत. परंतु बुद्धी आणि कल्पना ह्यांपैकी एकीचा त्याग न करता दुःखाला सामोरे जाण्याचा त्याचा प्रयत्न श्रद्धावान आणि अश्रद्ध अशा दोन्ही वाचकांना जवळचा वाटतो.