आटे साफ करणे वेगळे, पाडणे वेगळे

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलीच्या इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे असते. त्याच्या भोकांतले आटे काजळीने भरले, की बोल्ट अडखळू लागतो. अशा वेळी हाताशी येईल तो टॅप घालून फिरवण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे आम्ही म्हणतो. का, ते पाहू.

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टावर इंचाला २० आटे. अमेरिकन प्रमाणाच्या पाव इंची जाड आट्यांच्या बोल्टावरही २०च, पण कोन ६० अंशांचा. गणती जुळली, तरी आटे जुळत नाहीत. भलता टॅप घाणीबरोबर धातूही खरवडतो, आणि गेलेला धातू परत येत नाही.

म्हणून आधी गेजने माप ओळखावे. मग रॉकेल आणि बारीक ब्रशने घाण काढून भोक कोरडे करावे. तळ बंद असलेल्या भोकात तेल साचून राहिले, तर बोल्ट आवळताना ते दबत नाही. कवच मात्र तडकू शकते.

आटे पार गेलेच असतील, तर भोक वाढवून, त्यात खास टॅपने नवे आटे पाडून पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. वेटोळ्याच्या आत मूळ मापाचाच बोल्ट बसतो, आणि मऊ ॲल्युमिनियमपेक्षा पोलाद झीज अधिक सोसते. जुने कवच बाजारात सहज मिळत नाही. ते वाचवायचे, तर टॅप उचलण्याआधी माप घ्यावे, एवढेच आमचे सांगणे.