पैज दोघांची, रस्ता सगळ्यांचा

नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून आर्णीच्या पोरांना यवतमाळ फार जवळ वाटू लागलं आहे. मोकळा, सरळ रस्ता दिसला की शर्यतीची पैज लागते आणि मोटारसायकलची मूठ आपोआप पिळली जाते. पण त्याच रस्त्यावर वेचणीच्या दिवसांत कापसाच्या गाड्या असतात, मागचा दिवा नसलेली ट्रॉली असते, माहूरला निघालेले भाविक आणि वावरातून परतणाऱ्या बाया असतात. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. ट्रॉली दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ४२ मीटर तिथेच संपले. पुढे रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असले तरी गाडी थांबायला आणखी पन्नासेक मीटर लागतात. ताशी ५० च्या वेगात हेच सगळं पस्तीसेक मीटरमध्ये आटोपतं. रात्री दिव्याच्या उजेडात शंभर मीटरवरची मळकट ट्रॉली दिसतच नाही, मग चालवणारा कितीही तरबेज असो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत आणि मेलेल्यांत जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे होते.

माझं म्हणणं मात्र एवढ्यावर थांबत नाही. पोलिसांची गाडी दिसताच जी दुसरी शर्यत सुरू होते, ती पहिलीपेक्षा वाईट. पळणारा मागे बघत पळतो, दिवा बंद करतो, उलट्या बाजूने घुसतो, गावातल्या बोळात शिरतो. जुलै २०१३ मध्ये दिल्लीत मध्यरात्री स्टंट करणाऱ्या दुचाकीस्वारांना अडवताना पोलिसांनी टायरवर गोळी झाडली. ती लागली मागे बसलेल्या १९ वर्षांच्या मुलाला आणि तो गेला. शर्यतीच्या ज्या गुन्ह्याला कायद्यात पहिल्या खेपेला जास्तीत जास्त तीन महिने कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे, त्यापायी जीव जावा हे कोणालाच मान्य होणार नाही. म्हणून पोरांनी थांबावं, आणि पोलिसांनी पाठलाग सोडून नंबर टिपावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार गाडी कोण चालवत होतं, हे पोलिसांनी विचारल्यावर मालकाला सांगावंच लागतं. गाडी बहुतेक वेळा बापाच्या नावावर असते. चालवणारा अल्पवयीन असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

पाठलाग सोडला तर पोरं सोकावतील, हा आक्षेप खरा आहे. नंबर प्लेट वाकवून ठेवणारेही असतात. पण शर्यतीची जागा आणि वेळ सहसा ठरलेली असते आणि ती गावात लपून राहत नाही. गाड्या सुटण्याआधीच तिथे नाकाबंदी लावली तर पळायला वाट उरत नाही, आणि पोलीस शिपायाचाही जीव धोक्यात पडत नाही.

दुसरा आक्षेप लोक हळू आवाजात घेतात: थांबलं की चिरीमिरी मागतात, मग कशाला थांबा? ही तक्रार झटकून टाकण्यासारखी नाही. तिच्यावर उपाय पळणं नव्हे, पावती मागणं. डिजिलॉकरमधली कागदपत्रं कायद्याने चालतात. मूल अल्पवयीन असेल तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बाल न्याय मंडळापुढेच न्यावं लागतं. हे हक्क घरच्यांना ठाऊक हवेत. याउलट ‘साहेबांना फोन लावतो’ या सवयीने काय होतं, ते पुण्यात दिसलं. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात पोर्शेच्या धडकेत दोघे गेले. पुढे गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली आणि पालकही आरोपी झाले.

राहिली हौस. विदर्भाला शर्यत नवी नाही, बैलांचा शंकरपट इथलाच. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतीला मोकळीक देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. त्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि अटी पाळाव्या लागतात. मोटारसायकललाही कायदा हेच सांगतो: कलम १८९ मध्ये बंदी आहे ती शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी लावलेल्या शर्यतीला. आखलेलं मैदान, हेल्मेट, बाजूला उभी रुग्णवाहिका, एवढी सोय एखाद्या जिल्ह्याने वर्षातून दोनदा करावी अशी मागणी कोणी केली, तर ती मी उचलून धरीन.