छायाचित्र 'कमी करणे' म्हणजे काय?

मोबाइलने काढलेले स्वतःचे छायाचित्र एखाद्या संकेतस्थळावर आपल्या नावाशेजारी लावायला जावे, तर 'फाइल फार मोठी आहे' असे उत्तर मिळते. मग कोणीतरी ते 'कमी करून' देतो. छायाचित्र स्वीकारले जाते खरे. पण पाहावे तर केस पुसट आणि चष्म्याच्या कडेभोवती डाग! असे का व्हावे?

'कमी करणे' या एका शब्दात दोन निराळी कामे दडलेली आहेत. पहिले काम ठिपके घटविण्याचे. छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे ४००० व उभे ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येकाचा लाल, हिरवा व निळा अंश सांगायला तीन बाइट धरले, तर ३ कोटी ६० लाख बाइट झाले. नावाशेजारच्या चित्राला ४०० × ४०० ठिपके पुष्कळ होतात. त्यांना ४ लाख ८० हजार बाइट पुरतात. मात्र आधी चेहऱ्याभोवतीचा चौरस कापून घ्यावा. आयत दाबून चौरस केला, तर चेहरा लांबट किंवा फुगीर दिसणारच. आणखी एक गंमत अशी, की शेजारच्या ठिपक्यांची सरासरी न घेता दर सातआठ ठिपक्यांतून एकच उचलला, तर बारीक रेघांच्या शर्टावर मुळात नसलेले जाड पट्टे उमटतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर धरून उजेडाकडे पाहा, म्हणजे तसेच पट्टे दिसतील.

दुसरे काम अधिक चतुराईचे आहे. ते जेपेग या पद्धतीने होते. तिच्या मुळाशी असलेले गणित नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. बंगळूरला जन्मलेल्या अहमद यांनी १९७२ मध्ये या कामासाठी अमेरिकेत अनुदान मागितले होते. ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी आहे, असे एका परीक्षकाला वाटले होते!

ही कल्पना अशी. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. एका चौकोनातील ६४ ठिपक्यांच्या उजेडाचे ६४ आकडे असतात. त्यांच्याऐवजी दुसरे ६४ आकडे काढायचे. पहिला आकडा सरासरी उजेडाचा, पुढचे सावकाश होणाऱ्या बदलांचे आणि शेवटचे अगदी झपाट्याने होणाऱ्या बदलांचे. तंबोऱ्याचा नाद मूळ स्वर व संनादी स्वर यांत वेगळा करावा, तसेच हे.

येथवर काहीच हरवलेले नाही. हरवते ते पुढच्या पायरीला. समजा, ८३, १३ आणि −६ असे आकडे आले. त्यांना २० ने भागून जवळचा पूर्णांक घेतला, की ४, १ आणि ० उरतात. झपाट्याच्या बदलांसाठी भाजक सहसा मोठा ठेवतात, कारण ते बदल डोळ्याला कमी जाणवतात. गालावरच्या चौकोनात मग बहुतेक शून्येच उरतात आणि 'यापुढे सर्व शून्ये' एवढी नोंद पुरते. रंगांतले बारकावे डोळ्याला उजेडापेक्षा कमी कळतात, म्हणून त्यांची नोंद बहुधा आणखी विरळ ठेवतात. अशा रीतीने दहावा हिस्सा उरला, तरी चेहरा सहसा चांगला दिसतो.

केस, चष्म्याची कड, पांढऱ्या कागदावरची सही येथे मात्र उजेड एकदम बदलतो, आणि नेमके तेच आकडे आपण कापलेले असतात! म्हणून तेथे डाग पडतात. सहीसाठी काहीही न गमावणारी पीएनजी पद्धत बरी.

आता चित्र पुन्हा मोठे केले तर? ४ ला २० ने गुणून ८० मिळतात, ८३ नव्हे. नुसते उघडून पाहिल्याने चित्र बिघडत नाही. पण थोडे कापून पुन्हा जेपेगमध्ये साठवले, की चौकोन सरकतात आणि नवी काटछाट होते. मूळ छायाचित्राची एक प्रत बाजूला ठेवा, दुसरी सर्वांत कमी दर्जाला साठवा आणि केसांजवळचा भाग पडद्यावर खूप मोठा करून पाहा. ८ × ८ चे चौकोन तुम्हांला स्वतः मोजता येतील.