डोळ्यात फूल पडण्याआधी

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आटोपला की कराड तालुक्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ होते. कृष्णाकाठचा ऊस तुटू लागतो. कोयता हाती धरणारांत मराठवाड्यातून आलेली बिऱ्हाडे असतात, तशीच आपल्या वस्तीतली माणसेही असतात. कोयत्याने बोट कापले तर निदान हळद भरून चिंधी तरी बांधतात. पण उसाचे पाते डोळ्याला चाटून गेले, तर "काय न्हाय, जरा चुरचुरतंय," म्हणून माणूस पुढची मोळी बांधायला घेतो. आमचे सांगणे आहे ते या चुरचुरीविषयीच.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर आरपार दिसते. परंतु त्यामुळेच जंतूंशी लढणारी शरीराची कुमक तेथे उशिरा पोचते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी, आणि पाल्यावर बुरशी. ओरखड्यातून ती आत शिरली की जखम चिघळते, उजेड सोसत नाही, पांढरा ठिपका दिसू लागतो. जखम भरली तरी व्रण राहतो. त्यालाच आपण 'फूल पडले' म्हणतो. ते कोणाच्या नजरेने किंवा देवीच्या कोपाने पडत नाही.

विहारात महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही विचारले, डोळ्यात कचरा गेला तर घरी काय करता? जिभेने काढतो, अंगावरचे दूध पिळतो, मध घालतो, एरंडेल घालतो, कोथिंबिरीचा रस घालतो, अशी उत्तरे आली. एक आजी म्हणाल्या, "आमी अशीच पोरं वाढवली की!" वाढवली खरी. पण त्याच आजींच्या उजव्या डोळ्यात फूल आहे, हे बोलून दाखवायला आमची जीभ रेटली नाही.

याहून वाईट सवय शिकल्यासवरलेल्यांचीही आहे. दुकानातून 'लाल डोळ्याचे थेंब' आणायचे, नाहीतर शेजारणीची उरलेली बाटली वापरायची. अशा काही थेंबांत स्टेरॉईड असते. त्याने लाली उतरते, बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. आमच्या ओळखीच्या एका तरुण तोडकऱ्याने असे थेंब नऊ दिवस घातले. उचल घेतलेली, त्यामुळे खाडा करायची सोय नव्हती. दहाव्या दिवशी तो दवाखान्यात गेला, तेव्हा त्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता. दोष त्याचा एकट्याचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

नेपाळमधील भक्तपूर येथे गावच्या आरोग्यसेवकांनी केलेल्या कामाचा अहवाल 2001 साली प्रसिद्ध झाला. बुबुळावर ओरखडा आलेल्या 442 जणांना त्यांनी साधे प्रतिजैविक मलम तीन दिवस दिले. इजा झाल्यापासून 18 तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या 284 जणांपैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. म्हणजे खरा प्रश्न पैशाचा नाही, वेळेचा आहे. पाते लागले की स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये, पट्टी बांधू नये आणि त्याच दिवशी कराडच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मलमही त्यांनीच द्यावे.

लहान मुलांच्या खाजेकडेही लक्ष असू द्या. सतत डोळे चोळण्याच्या सवयीने काहींचे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते आणि चष्म्याचा नंबर वाढत जातो.

तोडणीला जाताना बिननंबरी चष्मा लावला तरी पुष्कळ इजा टळते. घामाने काच धुकटते, ही तक्रार मात्र खरी आहे. जयंतीच्या वर्गणीतील शिल्लक रकमेतून वस्तीतल्या तोडकऱ्यांना असे चष्मे घ्यावेत, असे आम्ही मंडळापुढे मांडले. आधी डीजेवाल्याचे देणे भागवू, असे काहींचे म्हणणे पडले. विषय पुढच्या बैठकीत पुन्हा यायचा आहे.